जेसीबी बोलावण्याआधी सासूबाईंना मागच्या दारी खुर्ची टाकून द्या

पत्र थोडक्यात: नागपूरच्या एका जुन्या वस्तीतल्या ताईंचं हे पत्र आहे. बरीच वर्षं पुण्यात फ्लॅटमध्ये काढून यंदा त्या सासरच्या घरी राहायला आल्या. घरामागे साधारण 40 बाय 50 फुटांची सांदवाडी आहे. ती सासऱ्यांनी लावली, वाढवली. ते गेल्यावर तीन-चार पावसाळे तिकडे कोणी फिरकलं नाही. आता तिथे कमरेएवढं गवत, गाजर गवत, घाणेरीच्या जाळ्या आणि मधूनमधून काही झाडं आहेत. डासांवरून शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली आहे. नवरा म्हणतो, जेसीबी लावून एका दिवसात सपाट करू, वर लाल मातीचा ट्रक टाकू, नाहीतर सरळ पेव्हर बसवू. नणंद म्हणते, बाबांची बाग होती तशी परत उभी करा. सासूबाई काहीच बोलत नाहीत. ताईंना बाग हवी आहे, पण "माझ्या हाताला झाड लागत नाही, पुण्यात मनी प्लांटसुद्धा मेला" असं त्या लिहितात. सगळं साफ करून कोऱ्या जमिनीवर सुरुवात करू, की हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे मान्य करून पेव्हरला हो म्हणू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत तीनदा आलं आहे: "आधी सगळं साफ झालं की मग..." मला वाटतं, तुमची अडचण गवतापेक्षा या वाक्यात जास्त आहे. 2000 चौरस फूट जागा एका माणसाने, तेही कधी खुरपं न धरलेल्या माणसाने, पूर्ण साफ करायची आणि त्यानंतर बाग सुरू करायची असं ठरवलं, तर बाग सुरू होतच नाही. एका टोकाचं निंदण संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला गुडघ्याएवढं उगवलेलं असतं. मग माणूस थकतो आणि पेव्हरवाल्याला फोन करतो. हे मी अनेक घरी पाहिलं आहे.

सगळं साफ करायची गरज नाही. या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल आणि नळाचा पाइप पोचेल एवढाच, 4 फूट रुंद आणि 8 फूट लांब तुकडा तुमचा. बाकीच्या जागेतलं गवत फक्त फुलावर येऊ द्यायचं नाही. त्याहून जास्त काही करायचं नाही.

आता जेसीबीचं बोलू, कारण ते पत्रात सगळ्यात निकडीचं दिसतं. तुमची जमीन काळी आहे, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात असं तुम्हीच लिहिलंय. अशी माती ओली असताना तिच्यावरून यंत्र गेलं की ती दबून घट्ट बसते आणि पुढे पाणी मुरत नाही, मुळं शिरत नाहीत. संत्र्या-लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. बकेट फिरली की ती गेली. लव्हाळा या चिवट तणाचं तर उलटंच होतं. त्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या असतात. यंत्राने त्या तुटून वाडीभर पसरतात आणि पहिल्या पावसात प्रत्येक गाठीतून नवा कोंब येतो. वर लाल माती टाकली तरी तो तिच्यातून वर येतोच. शिवाय लाल मातीचा फूटभर थर झाडांच्या बुंध्याभोवती चढला, तर बुंधा कुजतो. संत्र्याला हे अजिबात चालत नाही.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: जुन्या घरांमागे अनेकदा वापरात नसलेली विहीर असते, सेप्टिक टँकचं झाकण असतं, आणि गवतात ते दिसत नाही. जेसीबीचं चाक त्यावर गेलं तर काय होईल ते सांगायला नको. कुठे काय आहे हे तुमच्या घरात एकाच माणसाला माहीत आहे: सासूबाईंना.

कायद्याचंही भान असू द्या. शहरात आपल्या खासगी आवारातलं झाडसुद्धा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी 1975 पासून कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून आणखी संरक्षण मिळालं. सासऱ्यांनी तरुणपणी लावलेला एखादा आंबा किंवा कडुनिंब त्या वयाच्या जवळ असू शकतो. "सपाट करू" हे एका दिवसाचं काम नाही, हे नवऱ्याला शांतपणे सांगा.

आता सासूबाई. त्या काही बोलत नाहीत याचा अर्थ तुम्ही "त्यांना वाईट वाटतंय" असा लावला आहे. तसं असेलही. पण त्यांना कोणी काही विचारलं आहे का? पत्रात कुठे दिसलं नाही. एका सकाळी, ऊन चढायच्या आत, मागच्या दारी त्यांना खुर्ची टाकून द्या. तुम्ही जुन्या सुती साडीच्या लाल चिंध्या घेऊन उभ्या राहा. त्या बोट दाखवतील त्या झाडाला, त्या झुडपाला एक चिंधी बांधायची. "काय ठेवायचं?" असा प्रश्न विचारू नका, त्याने माणूस अडचणीत येतो. "हे काय आहे?" एवढंच विचारा. जे तुम्हाला जंगल वाटतंय त्यातलं बरंचसं लावलेलं निघेल असा माझा अंदाज आहे. गोडलिंबाच्या (कढीपत्त्याच्या) एका झाडाच्या मुळांतून दहा फुटांपर्यंत पिल्लं फुटतात, चार वर्षांत त्याची झाडी होते. मोगरा गवताखाली दबून सुकल्यासारखा दिसतो, पण बुडाशी हिरवा असतो. प्राजक्ताची खरखरीत पानं नवख्याला रानटीच वाटतात. सीताफळ तर बिनापाण्याचंही टिकतं. हे सगळं विळ्याखाली गेलं की परत लावायला पैसे आणि वर्षं दोन्ही लागतात.

चिंध्या बांधून झाल्या की दोन मजूर लावा. हा खर्च करा, इथे काटकसर नको. पण त्यांच्याकडून उपटून घेऊ नका, विळ्याने घोट्याएवढं उंच ठेवून कापून घ्या. गवत कापायचं मशीन आणलं तर ते झाडाच्या बुंध्यापासून दोन फूट लांबच थांबलं पाहिजे. त्याची नायलॉनची दोरी बुंध्याची साल गोल सोलून काढते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. तुम्ही स्वतः तिथे हजर राहा.

या दिवसांत सापांची काळजी खरी आहे. विटांचा ढीग, जुनी कवेलू (कौलं), पडलेला पाला, यात नाग-घोणस असू शकतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात काठी, आणि जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. काम फक्त दिवसाउजेडी. साप दिसला तर मागे सरका, नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र) आहे, तिथूनही मदत मिळते. दंश झालाच तर चिरा देणं, घट्ट आवळून बांधणं यात वेळ न घालवता थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्यायचं.

गाजर गवताला उघडा हात लावू नका. त्याने अंगाला खाज सुटते, चट्टे येतात, दम्याच्या माणसाला त्रास होतो. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, आणि फूल यायच्या आत मुळासकट उपटणं हा त्यावरचा उपाय. एका झाडाला हजारोंनी बिया येतात, म्हणून फुलावर आलेलं कधीही खतात टाकायचं नाही. तणनाशकाचा विचार सोडून द्या. ग्लायफोसेट तर 2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढून परवानाधारक कीटकनियंत्रकांपुरतं मर्यादित केलं होतं, आणि वाऱ्याने त्याचे चार थेंब संत्र्याच्या पानांवर गेले तर नुकसान तुमचंच.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र आजच मिटवा, तिला बागेची वाट बघायला लावू नका. डेंग्यूचा डास गवतात जन्मत नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो. नागपुरात हे पाणी कुठे असतं ते तुम्हाला ठाऊक आहे: मागे टाकून दिलेल्या कूलरच्या टबात. ते टब, फुटक्या कुंड्या, टायर, नारळाच्या करवंट्या आधी उचला. गवत कापलं जाईल तेव्हा जाईल.

आता संत्रा. तुम्ही लिहिता, "एक संत्र्याचं झाड आहे, खूप काटे आहेत, फळं पिवळी आणि आंबटढाण, काढून टाकावं का?" हे थोडं जवळून बघण्यासारखं आहे. आपल्याकडे संत्र्याचं कलम जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मूळ रोपावर, संत्र्याचा डोळा (फूट येणारा अंकुर) बसवून करतात. खाली खुंट, वर संत्रा. झाडाशी खाली बसा, बुंध्याभोवतीचं गवत बाजूला करा आणि जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर बघा. तिथे खोडाला एक गाठ किंवा किंचित वाक दिसेल, खालच्या आणि वरच्या सालीचा पोत वेगळा दिसेल. तीच जोडाची जागा. त्या गाठीच्या खालून निघालेली प्रत्येक फूट खुंटाची आहे. झाडाकडे लक्ष राहिलं नाही की ही फूट जोर धरते आणि वरच्या संत्र्याला उपाशी मारते. तिची पानं चुरगळून वास घ्या. जंबेरीच्या पानाला लिंबाचा वास येतो, संत्र्याच्या पानाला संत्र्याच्या सालीचा. एकाच झाडावर दोन वास आले, तर तुमचा संत्रा अजून जिवंत आहे.

तसं असेल तर गाठीखालच्या सगळ्या फुटी बुडापासून कापा. वरच्या भागातल्या वाळलेल्या काड्या, ज्याला आपले संत्रेवाले सल म्हणतात, त्या झाडावरची फळं उतरल्यावर हिरव्या लाकडापर्यंत काढा. खोडावरून सरळ वर धावणारे जाड, काटेरी पानसोटही काढा. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचा: 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र ढवळायचे. लोखंडी किंवा जस्ताचं भांडं वापरू नका. हाच मलम बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावा, त्याने डिंक्याला (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाला) आळा बसतो. आणि आळं करताना दुहेरी करा: बुंध्याजवळ मातीची एक लहान गोल वरंबी, मग बाहेर फांद्यांच्या टोकाखाली दुसरी, पाणी फक्त दोन्हींच्या मध्ये. बुंध्याला पाणी लागता कामा नये.

सगळ्या झाडाला लिंबाचाच वास आला, तर संत्रा केव्हाच गेला आहे आणि उभा आहे तो खुंट. तरीही लगेच तोडू नका. जंबेरीचं लोणचं होतं, आणि त्याची सावली उन्हाळ्यात तुम्हाला लागेल. नवं कलम लावायचं तर मे महिन्यात दोन-अडीच फुटांचा खड्डा खणून उन्हात तापू द्या, मृगाचा पाऊस स्थिरावला की लावा. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमं मिळतात. रस्त्याच्या कडेचं स्वस्त रोप घेऊ नका, त्यात जोडाची जागा अनेकदा मातीत गाडलेली असते.

तुमच्या 4 बाय 8 च्या तुकड्याकडे येऊ. पाऊस थांबला आहे, थंडी यायची आहे, नवख्या माणसाला नागपुरात याहून चांगले दिवस नाहीत. कुदळ मारायच्या आधी वाफसा, म्हणजे खणण्याजोगी ओल, आहे का ते बघा. मूठभर माती घेऊन दाबा, गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तर खणायला हरकत नाही. चिकटून राहिला तर दोन-तीन दिवस थांबा. दगडासारखं ढेकूळ असेल तर आदल्या दिवशी पाणी सोडा. काळ्या मातीत घाईने ओलं खणलं की जी ढेकळं होतात ती अख्खा हंगाम फुटत नाहीत.

8-10 इंच खोल खणा, लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा, वेचलेल्या गाठी खताच्या ढिगात न टाकता उन्हात पसरून वाळवा. चार-पाच घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवाफा करा. वाळू टाकायचा सल्ला कोणी देईल, त्याकडे लक्ष देऊ नका. चिकण मातीत थोडी वाळू टाकली की ती आणखी घट्ट होते. पालापाचोळा आणि शेणखत, दरवर्षी, हाच तिचा उपाय आहे.

काय लावायचं? मेथी, पालक, मुळा, सांबार (कोथिंबीर). बस. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच चालते, रात्रभर भिजवून फेका, महिन्याभरात भाजी होईल. सांबाराचे धणे अख्खे पेरू नका. पोळपाटावर लाटण्याने हलके रगडा म्हणजे प्रत्येक धणा दोन फाकांत सुटतो, मग रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ-दहा दिवस, थंडी असेल तर बारा. सातव्या दिवशी तुम्हाला वाटेल की आपल्या हाताला लागत नाही, आणि तुम्ही वाफा उकरून बघाल. उकरू नका. टमाटे आणि वांगी बियांपासून करायची नाहीत, नर्सरीतून तयार रोपं आणा, चार-चार पुरेत.

आणि तो मनी प्लांट. "हाताला झाड लागत नाही" हे मी अजिबात मान्य करत नाही. फ्लॅटच्या कुंडीत झाड मेलं, तर बहुतेक वेळा ते रोजच्या पाण्याने मेलेलं असतं. हीच सवय काळ्या मातीत आणली तर इथेही मरेल. काळी माती वरून भेगाळलेली, पांढुरकी दिसते आणि चार बोटं खाली ओली असते. म्हणून पाणी देण्याआधी खुरप्याचं टोक चार बोटं खाली घाला आणि वर आलेली माती बोटांत चोळा. चिकटली तर आज पाणी नाही. बी उगवेपर्यंत मात्र वरचा थर हलका ओला ठेवावा लागतो, झारीने, पाइपने नाही. एवढं पाळलं की तुमचा हात कोणाहूनही कमी नाही.

एका कोपऱ्यात विटा रचून 3 बाय 3 फुटांचा खताचा ढीग करा. कापलेलं गवत, पाला, भाजीची देठं, मधून शेणकाला, ओल कायम. पाला जाळू नका, उन्हाळ्यात त्याची एकेक काडी आच्छादनासाठी उपयोगी पडेल. कारण खरी परीक्षा मार्चनंतर आहे. पारा 45 च्या वर जातो तेव्हा पालेभाजीचा वाफा टिकत नाही, आणि तो तुमच्या अपयशाने वाळत नाही. एप्रिलमध्ये तो रिकामा करा, भिजवा, पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबा आणि पाच-सहा आठवडे तसाच ठेवा. आपल्या उन्हाने तणाचं बरंचसं बी त्यात मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी उरतातच, त्या दर पंधरा-वीस दिवसांनी खुरपत राहायच्या, सावलीत त्यांचा जोर कमी होतो. ज्या कुंड्या, रोपं ठेवायची असतील त्यांच्यावर हिरवी जाळी बांधा.

माती तपासून घ्यायची असेल तर महाराजबागेलगतच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करा. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसत असेल तर ते जरूर करा, आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह झाडाला मिळत नाही तेव्हा असं होतं.

नणंदेला काय सांगायचं हा प्रश्न तुम्ही शेवटी, जवळजवळ चोरून विचारला आहे. तिचं दुःख खरं आहे, पण "बाबांची बाग होती तशी" हे वचन देऊ नका. निवृत्तीनंतर रोजची सकाळ बागेत घालवणाऱ्या माणसाची ती बाग होती. तुम्हाला नोकरी आहे, मुलगा दहावीत आहे. तिला सांगा की वडिलांनी लावलेल्या झाडांना चिंध्या बांधून ठेवल्या आहेत, त्यातलं एकही तिला न विचारता जाणार नाही. आणि दिवाळीला आली की तिच्याही हातात खुरपं द्या.

नवऱ्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पावसाळ्यात काळ्या चिखलातून चालता येत नाही. पण काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर सरळ बसवलेले पेव्हर दोन वर्षांत वर-खाली होतात, आणि मे महिन्यात मागची खोली रात्रीपर्यंत तापलेली ठेवतात. सगळ्या वाडीचा निर्णय पुढच्या दसऱ्यापर्यंत पुढे ढकला, तोवर चारही ऋतू तुम्हा दोघांनी पाहिलेले असतील. आत्ता ऑर्डर द्यायचीच असेल तर एवढ्याच पायवाटेची द्या: स्वयंपाकघराच्या दारापासून नळापर्यंत, दोन फूट रुंद, खाली मुरूम नीट दाबून.